ओटीटीला कुलूप असतं, पण ते उघडंच मिळतं : पॅरेंटल कंट्रोल आणि खरेदीचा पिन कसा लावायचा?

रविवारची दुपार. जेवणं उरकलीत, आई-बाबा आडवे झालेत, आजीचा डोळा लागलाय. टीव्हीचा रिमोट नऊ वर्षांच्या पोराच्या हातात आहे. ॲप उघडल्या उघडल्या विचारतं, कोण बघतंय? समोर चार चौकोन येतात. बाबा, आई, ताई आणि किड्स. पोरगं सरळ बाबांवर क्लिक करतं, कारण त्याच्या मते किड्समध्ये सगळं 'बाळांचं' असतं. पुढचा दीड तास ते काय बघतंय, हे घरात कुणालाच माहीत नसतं.

संध्याकाळी बाबांच्या फोनवर बँकेचा मेसेज दिसतो. दुपारी तीन वाजता पैसे कापले गेलेत. बाबांना वाटतं फसवणूक झाली. ते घाईघाईने बँकेला फोन लावतात. तिकडून उत्तर येतं, 'सर, व्यवहार ओटीपी टाकून झालाय.' ओटीपी आला कुठे? बाबांच्याच फोनवर. आणि तीन वाजता फोन कुणाकडे होता? गेम खेळायला पोराकडे.

हे चित्र कुठल्या एका घरातलं नाही. ज्या घरात एक टीव्ही, दोन-तीन ओटीटी आणि लॉक नसलेला (किंवा पोरांना पाठ असलेला) एक फोन आहे, तिथे हे कधीही घडू शकतं. गंमत म्हणजे हे थांबवायची सोय जवळपास प्रत्येक ॲपमध्ये आधीपासून आहे. अशी सोय द्या, असं भारतात कायदाही सांगतो. तरीही बहुतेक घरांत ती बंदच असते.

असं का होतं, पैशाच्या बाबतीत आपण नेमके कुठे सुरक्षित आहोत आणि कुठे नाही, आणि एका संध्याकाळी बसून काय काय करून टाकता येईल, ते सविस्तर बघू.

आधी हे लक्षात घ्या, कुलपं दोन आहेत

पॅरेंटल कंट्रोल म्हटलं की डोक्यात येतं, 'नको ते दिसू नये'. हे झालं पहिलं कुलूप, बघण्याचं. कोणत्या वयाला काय दिसेल, हे ते ठरवतं.

दुसरं कुलूप खरेदीचं. सिनेमा भाड्याने घेणं, एखादं जादा चॅनल जोडणं, जाहिरातमुक्त प्लॅनवर जाणं, गेममधले हिरे-नाणी विकत घेणं, यातलं काहीही तुमच्या परवानगीशिवाय होऊ नये म्हणून ते असतं.

गफलत इथेच होते. लोक पहिलं कुलूप लावतात आणि समजतात की दुसरंही लागलं. बऱ्याच ठिकाणी या दोन वेगळ्या सेटिंग्ज असतात. 'यू/ए १३+' च्या वरचं काही दिसणार नाही अशी व्यवस्था केली, तरी 'यू' प्रमाणपत्राचा एखादा ॲनिमेशनपट भाड्याने घ्यायला मुलाला कुणी अडवत नाही. वयाच्या दृष्टीने तो त्याच्यासाठी योग्यच असतो ना!

कायदा काय सांगतो?

थिएटरमध्ये सिनेमा लागण्याआधी सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, हे आपल्याला माहीत आहे. ओटीटीवरच्या वेब सिरीजला असं प्रमाणपत्र लागत नाही. त्यांच्यासाठी केंद्र सरकारने २५ फेब्रुवारी २०२१ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली वेगळे नियम आणले. त्यानुसार वर्गवारी कंपनीने स्वतः करायची असते.

ही वर्गवारी पाच प्रकारची. 'यू' म्हणजे सर्वांसाठी. मग 'यू/ए ७+', 'यू/ए १३+', 'यू/ए १६+' आणि शेवटी 'ए', म्हणजे फक्त प्रौढांसाठी. कार्यक्रम सुरू होताना कोपऱ्यात ही अक्षरं दिसतात आणि शेजारी हिंसा, शिवीगाळ, अमली पदार्थ असे शब्द येतात. आपण ते बघून न बघितल्यासारखं करतो. पण ते तिथे दाखवणं कंपनीला बंधनकारक आहे. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा थिएटरच्या सिनेमांसाठीही 'यूए' चे असेच ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग करण्यात आले. म्हणजे आता दोन्हीकडची भाषा बरीचशी सारखी झाली आहे.

आपल्या कामाचा नियम पुढे आहे. 'यू/ए १३+' आणि त्यावरच्या वर्गवारीसाठी कंपनीने पॅरेंटल लॉकसारखी सोय दिलीच पाहिजे. 'ए' वर्गासाठी तर वयाची खात्री करण्याची भरवशाची पद्धत हवी.

फेब्रुवारी २०२५ मध्ये यूट्यूबवरच्या एका विनोदी कार्यक्रमातल्या वक्तव्यांवरून देशभर गदारोळ झाला. त्यानंतर माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने ओटीटी कंपन्यांना सूचनापत्र काढून या वर्गवारीची आणि 'ए' वर्गासाठीच्या नियंत्रणाची आठवण करून दिली. त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारने अश्लील मजकुराच्या कारणावरून २५ ॲप आणि वेबसाइट बंद करायचे आदेश दिले. दोन्ही वेळेला सोशल मीडियावर चर्चा झाली ती 'सरकारने बंदी घालावी का', याची. घरातल्या टीव्हीवर लॉक आहे का, हा प्रश्न त्या गोंधळात मागेच राहिला.

मग अडतं कुठे?

नियम म्हणतो, सोय द्या. ती चालू करूनच द्या, असं नियम म्हणत नाही. म्हणून होतं असं की नव्या फ्लॅटच्या दाराला कुलूप असतं, पण ते लावायचं काम तुमचं. ॲप डाउनलोड केलं, पैसे भरले आणि सिरीज सुरू झाली की सेटिंग्जमध्ये परत कोण जातंय?

कंपनीच्या बाजूनेही विचार करा. तिला हवं असतं की तुम्ही कमीत कमी बटणं दाबून बघायला सुरुवात करावी आणि खरेदी तर एका क्लिकवर व्हावी. प्रत्येक पिन म्हणजे तिच्या दृष्टीने एक अडथळा. त्यामुळे पिनचं पान बहुतेक वेळा तीन-चार पायऱ्या आत असतं आणि 'आता खरेदी करा' चं बटण मात्र पहिल्याच पानावर.

हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही, याला इतिहास आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी अमेरिकेत मुलांनी पालकांच्या फोनवरून गेममध्ये केलेल्या खरेदीची प्रकरणं तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनपर्यंत गेली. ॲपलमध्ये एकदा पासवर्ड टाकला की पुढची १५ मिनिटं परत विचारणा होत नव्हती, आणि हे पालकांना नीट सांगितलेलं नव्हतं. त्या १५ मिनिटांत मुलं वाटेल तेवढी खरेदी करू शकत होती. जानेवारी २०१४ मध्ये ॲपलने ग्राहकांना किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करण्याचं मान्य केलं. त्याच वर्षी गूगलने किमान १ कोटी ९० लाख डॉलर परत करायचं कबूल केलं. ॲमेझॉनचं प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०१६ मध्ये निकाल ॲमेझॉनच्या विरोधात लागला.

आज खरेदीच्या वेळी पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागितला जातो, त्यामागे या प्रकरणांचाही हात आहे. पण 'दर वेळी विचारायचं की अधूनमधून', हे अजूनही आपल्याच सेटिंगवर अवलंबून आहे.

भारतात ओटीपी आहे, मग भीती कशाची?

हा प्रश्न बरोबर आहे. या बाबतीत आपण अमेरिकेतल्या पालकांपेक्षा बऱ्या स्थितीत आहोत. आपल्याकडे कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना ओटीपीसारखी दुसरी खात्री द्यावी लागते, कारण तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. यूपीआयला पिन लागतो. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदार किंवा ॲप तुमचा खरा कार्ड नंबर स्वतःकडे साठवू शकत नाही, त्याऐवजी टोकन ठेवलं जातं.

पण या भिंतीला भगदाडंही आहेत. ती माहीत असायला हवीत.

पहिलं म्हणजे ऑटोपे. दर महिन्याच्या सबस्क्रिप्शनसाठी तुम्ही एकदा परवानगी दिली की पुढे १५,००० रुपयांपर्यंतची वसुली दर वेळी ओटीपी न मागता होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये ही नवी पद्धत लागू झाली तेव्हा ही मर्यादा ५,००० होती, जून २०२२ मध्ये ती वाढवली. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायलाच हवी आणि ती वसुली थांबवायची सोयही हवी, असा नियम आहे. पण आपल्या इनबॉक्समध्ये रोज कर्जाच्या ऑफरचे वीस मेसेज पडतात. त्यात ही एक सूचना कुठे दिसणार?

दुसरं म्हणजे आधीच भरून ठेवलेले पैसे. ॲमेझॉन पे बॅलन्स, गूगल प्लेचं गिफ्ट कार्ड, ॲपल खात्यातली शिल्लक. वाढदिवसाला मामाने दिलेलं गिफ्ट कार्ड खात्यात टाकलेलं असतं. ते पैसे बँकेतून आधीच बाहेर पडलेत, त्यामुळे खर्च होताना बँकेचा ओटीपी येईलच असं नाही. तिथे राखण करतो फक्त ॲपचा स्वतःचा पिन.

तिसरं म्हणजे मोबाइलच्या बिलात लागणारी खरेदी. काही मोबाइल कंपन्यांच्या पोस्टपेड ग्राहकांना ॲप स्टोअरमधली खरेदी थेट बिलात जोडता येते. सोय चांगली आहे, पण कळतं महिन्याच्या शेवटी.

चौथं भगदाड सगळ्यात मोठं आणि सगळ्यात साधं आहे. ओटीपी ज्या फोनवर येतो, तो फोनच मुलाच्या हातात असतो. मेसेज वर झळकतो, सहा आकडे दिसतात आणि अनेकदा फोन ते आपोआप भरूनही टाकतो. यूपीआयचा पिन तर किराणा दुकानात आपणच मुलासमोर टाकतो. कधी हातात पिशव्या असल्या की 'टाक रे तूच' असंही म्हणतो.

ओटीपी ही सोय अनोळखी चोरासाठी केलेली आहे. घरातल्या माणसासमोर तिचा उपयोग नाही, आणि बँकही अशा व्यवहाराला सहजासहजी फसवणूक मानत नाही.

आता प्रत्यक्ष काम : कुठे काय लावायचं?

ॲपमधली मेन्यूंची नावं आणि जागा अधूनमधून बदलतात, त्यामुळे शब्द थोडे इकडेतिकडे असू शकतात. पण रचना हीच असते. शक्य असेल तर हे काम टीव्हीवर न करता लॅपटॉपच्या किंवा फोनच्या ब्राउझरमध्ये करा. सगळे पर्याय तिथे दिसतात.

नेटफ्लिक्स : इथे सिनेमे सुटे विकले जात नाहीत, त्यामुळे मुख्य काळजी बघण्याची. खात्याच्या पानावर प्रोफाइलची यादी असते. मुलाच्या प्रोफाइलवर जाऊन वयाची मर्यादा ठरवा. एखादी ठरावीक सिरीज दिसायलाच नको असेल, तर तिचं नाव टाकून ती त्या प्रोफाइलमधून काढून टाकता येते.

पण खरी गोष्ट पुढे आहे. मुलाच्या प्रोफाइलला मर्यादा घालून उपयोग नाही, जोपर्यंत आई-बाबांच्या प्रोफाइलला कुलूप नाही. वरच्या प्रसंगातलं पोरगं किड्समध्ये गेलंच नव्हतं. म्हणून मोठ्यांच्या प्रत्येक प्रोफाइलला चार आकडी पिन लावा. कॉलेजला जाणाऱ्या ताईच्या प्रोफाइललाही. तिथेच 'नवं प्रोफाइल तयार करताना पिन विचारा' असाही पर्याय असतो, तो चालू करा. नाहीतर दहा वर्षांचं पोर 'बाबा २' नावाचं प्रोफाइल काढून मोकळं होतं.

प्राइम व्हिडिओ : इथे दोन्ही कुलपं लागतात. एप्रिल २०२२ पासून भारतात इथे सिनेमे भाड्याने मिळतात. पैसे भरल्यावर बघायला सुरुवात करायला ३० दिवस आणि एकदा सुरू केलं की संपवायला ४८ तास, असा साधारण हिशेब असतो. शिवाय इतर चॅनलची सबस्क्रिप्शन जोडता येतात आणि जाहिराती नको असतील तर त्याचे वेगळे पैसे. प्राइमचे पैसे भरले म्हणजे आत दिसणारं सगळं फुकट, असा आजोबांचाही समज असतो, मग मुलांचं काय घेऊन बसलात!

खात्याच्या सेटिंग्जमध्ये 'पॅरेंटल कंट्रोल्स' उघडा आणि पाच आकडी पिन ठरवा. तिथे बघण्याची मर्यादा वेगळी आणि खरेदीसाठी पिन मागण्याची सेटिंग वेगळी असते. दोन्ही चालू करा. तुमच्याकडे फायर टीव्ही स्टिक असेल तर एवढ्यावर थांबू नका. स्टिकच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये 'प्रेफरन्सेस' खाली पॅरेंटल कंट्रोल्स असतात. वेबसाइटवर लावलेला पिन तिथे आपोआप पोहोचला असेल, असं समजू नका.

जिओहॉटस्टार : फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एकत्र होऊन हे ॲप झालं. क्रिकेटमुळे ते घराघरात आहे आणि अनेकांना ते रिचार्जसोबत मिळालंय. इथे किड्स प्रोफाइल आणि पॅरेंटल लॉक आहे. एक अडचण मात्र लक्षात ठेवा. लॉगिन मोबाइल नंबर आणि ओटीपीवर होतं. म्हणजे ज्याच्या हातात तो नंबर, त्याच्या हातात खातं. खातं ज्या सिमवर आहे ते सिम मुलाच्या क्लासच्या फोनमध्ये घातलेलं असेल, तर लावलेलं कुलूप काढायची किल्लीही त्याच्याकडेच आहे.

यूट्यूब : लहान मुलांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि पालकांचं सगळ्यात कमी लक्ष इथे असतं. अगदी लहानांसाठी यूट्यूब किड्स हे वेगळं ॲप आहे. त्यात शोधण्याची सोय बंद करता येते, वेळेचं बंधन घालता येतं आणि 'मी निवडलेलंच दिसू दे' असंही ठरवता येतं. थोड्या मोठ्या मुलांसाठी पालकांच्या देखरेखीखालचं खातं काढता येतं. त्यात ९ वर्षांपुढचं, १३ वर्षांपुढचं आणि जवळपास सगळं, अशा तीन पायऱ्या आहेत. 'रिस्ट्रिक्टेड मोड' नावाचं बटणही असतं, पण ते फोनवर चालू केलं म्हणून टीव्हीवर चालू होत नाही. प्रत्येक ठिकाणी वेगळं करावं लागतं.

प्ले स्टोअर : ओटीटीच्या सबस्क्रिप्शनपासून गेममधल्या नाण्यांपर्यंत बरीच खरेदी इथून होते. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर क्लिक करून सेटिंग्जमध्ये जा, तिथे खरेदीच्या वेळी खात्री करण्याचा पर्याय आहे. 'प्रत्येक खरेदीला', 'दर ३० मिनिटांनी' आणि 'कधीच नाही' अशातलं 'प्रत्येक खरेदीला' निवडा. ही सेटिंग त्या फोनपुरती असते, घरात दुसरा फोन किंवा टॅब असेल तर तिथेही करा. आणि तुमच्या फोनमध्ये मुलाच्या बोटाचा ठसा साठवला आहे का, ते एकदा बघा. लाडाने साठवलेला असतो. तो असेल तर वरची सगळी मेहनत वाया.

आयफोन आणि आयपॅड : 'स्क्रीन टाइम' मध्ये खरेदीवर बंधन घालता येतं आणि दर वेळी पासवर्ड मागायला सांगता येतं. फॅमिली शेअरिंगमध्ये मुलाचं वेगळं खातं असेल तर 'आस्क टू बाय' चालू करा. मूल खरेदीचं बटण दाबतं आणि परवानगीची विचारणा तुमच्या फोनवर येते. अँड्रॉइडवर जवळपास हेच काम फॅमिली लिंक करतं.

टीव्ही : स्मार्ट टीव्हीला स्वतःचंही पिन-लॉक असतं. गूगल टीव्हीवर मुलांचं वेगळं प्रोफाइल करता येतं. घरात पाहुण्यांची ये-जा असेल आणि सगळे मिळून एकच टीव्ही बघत असाल, तर ठरावीक ॲपलाच पिन लावणं जास्त सोपं पडतं.

पिन कोणता ठेवायचा?

१२३४ नको. मुलाची जन्मतारीख नको, ती त्यालाच सगळ्यात आधी सुचते. गाडीचा नंबर नको. फोन उघडायचा पिन, यूपीआयचा पिन आणि ओटीटीचा पिन एकच ठेवू नका. टीव्हीचा पिन कधी ना कधी सगळ्यांसमोर टाकावा लागतो. तोच यूपीआयचा असेल तर तुम्ही घरभर बँकेची किल्ली दाखवताय.

सोबत आणखी तीन कामं करा. लॉक असलेल्या स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा, म्हणजे ओटीपी झळकणार नाही. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाची ऑनलाइन आणि परदेशी व्यवहारांची मर्यादा कमी करा. गरज नसेल तर परदेशी व्यवहार बंदच ठेवा. ही चालू-बंद करायची सोय रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या आदेशानुसार प्रत्येक बँकेला द्यावी लागते. आणि यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' शोधून काय काय चालू आहे ते बघा. ॲप फोनवरून काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही. वर्षापूर्वी एका सिरीजसाठी घेतलेलं ॲप अजून पैसे कापत असेल, तर ते इथेच सापडेल.

सगळं झालं की स्वतः मूल होऊन बघा. टीव्ही बंद करून परत चालू करा आणि तुमच्या प्रोफाइलमध्ये पिन न टाकता शिरायचा प्रयत्न करा. एखादा भाड्याचा सिनेमा उघडून पैसे भरण्याच्या पायरीपर्यंत जा आणि पिन मागतोय का ते बघा. मागितला नाही तर कुठेतरी राहिलंय.

पैसे गेलेच तर?

सगळ्यात आधी, कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका. तिथे खोटे नंबर टाकून बसलेले ठग असतात. पाचशे रुपये परत मिळवायला गेलेला माणूस पन्नास हजार घालवून बसतो. तक्रार ॲपच्या आतूनच करा.

वेळ फार महत्त्वाचा. गूगल प्लेवर ४८ तासांच्या आत परतावा मागितला तर काम सोपं होतं. भाड्याने घेतलेला सिनेमा सुरूच केलेला नसेल तर तो रद्द होण्याची शक्यता जास्त. म्हणून चुकून खरेदी झाल्याचं कळलं की आधी टीव्ही थांबवा, पोराला रागवायचं नंतर बघू. लहान मुलाने चुकून खरेदी केली, हे स्पष्ट लिहा.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार अल्पवयीन व्यक्ती करार करू शकत नाही, आणि तिने केलेला करार मुळातच अवैध ठरतो, हे १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी प्रकरणात स्पष्ट केलं. पण इथे खातं आणि कार्ड पालकाचं, पिनही पालकाचा. त्यामुळे खरेदी मुलाने केली हे दाखवायचं ओझं तुमच्यावर येतं. हा मुद्दा तक्रारीत मांडा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. सबस्क्रिप्शन घेणं सोपं आणि बंद करणं मुद्दाम अवघड ठेवलं असेल, तर त्याला 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' म्हणतात. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ फसव्या पद्धतींना मनाई केली, त्यात हीसुद्धा आहे. आणि खरेदी घरातल्या कुणी केलेलीच नसेल, म्हणजे खरोखर फसवणूक असेल, तर लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा.

पैशांऐवजी मजकुराची तक्रार असेल, उदाहरणार्थ वर्गवारी चुकीची वाटत असेल, तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२१ च्या नियमांनुसार त्याने १५ दिवसांत निर्णय द्यायला हवा. समाधान झालं नाही तर वरच्या पायरीवर अपील करता येतं.

पुढे काय बदलणार?

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे. मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागेल, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. कंपन्यांना तयारीसाठी १८ महिने दिले आहेत.

पण एक गोष्ट कुठलाच कायदा ओळखू शकणार नाही. बाबांच्या प्रोफाइलमध्ये शिरलेलं मूल हे कंपनीच्या दृष्टीने बाबाच आहे. त्याला ताडकन बाहेर काढणारा नियम दिल्लीत बसून करता येत नाही. ते काम घरातल्या चार आकडी पिनचं आहे.

आणि पिनचीही एक मर्यादा आहे. मूल बारा-तेरा वर्षांचं झालं की ते मित्राच्या फोनवर बघू शकतं. तेव्हा त्याला माहीत असायला हवं की घरात कुलूप का लावलंय. 'तुझ्यावर विश्वास नाही' म्हणून की 'काही गोष्टी अजून दोन वर्षांनी बघ' म्हणून, हे त्याला सांगावं लागतं. चुकून पैसे गेले तर लपवू नको, लगेच सांग, हेही सांगावं लागतं. मार बसेल या भीतीने पोरगं दोन दिवस गप्प राहिलं, तर परतावा मागायचे ते ४८ तासही निघून जातात.

तर आज रात्री जेवणं झाली की अर्धा तास काढा. टीव्ही, दोघांचे फोन आणि असेल तर टॅब, सगळं समोर घेऊन बसा. मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन, खरेदीला पिन, प्ले स्टोअरची सेटिंग आणि ऑटोपेची यादी, एवढ्या चार गोष्टी करून टाका. पिन आजी-आजोबांना सांगायचा असेल तर कानात सांगा, टीव्हीच्या मागे चिठ्ठी चिकटवू नका. आणि ज्यांच्या घरी सुट्टीत सगळी भावंडं जमतात, त्यांच्यापर्यंत हे आधी पोहोचवा.